पिस्टनखालची हवा

३ मार्च

दादा,

तू पाठवलेली पिशवी काल मिळाली. कामाचे कपडे, डबा, घड्याळ, चपला, सगळं आहे. कपडे कुणीतरी धुऊन, इस्त्री करून दिले आहेत. आम्हाला बरं वाटावं म्हणून केलं असेल. पण मशीनच्या तेलाच्या वासावर सुवासिक साबणाचा वास चढला आहे आणि पिशवी उघडली की दोन्ही एकदम अंगावर येतात. मला ओकारी आली. आईने तो शर्ट उशाशी ठेवला आहे, त्यामुळे आता घरभर तोच वास.

डब्याच्या वरच्या कप्प्यात माझ्या शाळेतल्या खडूचे तुकडे निघाले. दर वेळी घरी आला की ठोक्या माझ्या पिशवीतून न विचारता घेऊन जायचा. तेवढे धुवायचे राहिले.

कारखान्याच्या मालकांचं छापील पत्रही आलं. त्यात ठोक्याचं वय एकेचाळीस लिहिलं आहे. माझा भाऊ चौतीसचा होता. खाली ‘आपल्याच परिवारातील’ असं लिहून सही. मी ते पत्र दोन बोटांनी धरून कपाटात टाकलं.

लिहायचं कारण वेगळं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई, तुझी आत्या, सांगते, “घाई नडली हो त्याला. लहानपणापासून धांदरट.” जणू पोराच्या वतीने माफी मागते आहे. दादा, कलिंगड घेताना सात कलिंगडं ठोकून बघणारा माणूस धांदरट नसतो. सगळं ठोकून बघायचा म्हणून तर तूच त्याला ठोक्या नाव ठेवलंस.

आईला हे कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. तूच सांगितलंस, दहाव्या दिवशी, माझ्यासमोर.

चौकशीच्या अहवालाची प्रत पाठव. आणि नेमकं काय झालं ते लिही. फोनवर विचारलं की तुझा आवाज तुटायला लागतो, म्हणून पत्र.

तुझी बहीण


११ मार्च

मास्तरीणबाईंना आशीर्वाद,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझी भाषा आधीपासून मोजूनमापून, पण या वेळी जरा जास्तच मोजलीस.

अहवालाची प्रत सोबत आहे. तुला कारखान्यातलं कळावं म्हणून सोपं करून लिहितो. माती खणायच्या मोठ्या यंत्रांचे सिलिंडर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. आत पिस्टन गंजून अडकलेला असतो. तो काढायचा तर सिलिंडर उभा करायचा, तोंड वर. खालच्या भोकाला हातपंप जोडून पिस्टनखाली तेल भरायचं. बाजूला, पिस्टनच्या लगेच खाली, दुसरं भोक असतं. तेल चढत जातं तशी आतली हवा तिथून बाहेर पडते. त्या भोकातून तेल गळायला लागलं की बूच लावायचं आणि पंप मारत राहायचं. पिस्टन गोगलगाईसारखा वर येतो. आतमध्ये हवा राहता कामा नये, एवढी एकच गोष्ट सांभाळायची.

ठोक्याने ती सांभाळली नाही. तेल गळायच्या आधीच बूच लावलं. थोडी हवा आत राहिली. दाबाचा काटा आठ बारवर गेला, पिस्टन सुटला, नव्वद किलोचं धूड वर उडालं, छताच्या गर्डरला आपटून खाली आलं. तो तिथेच वाकून उभा होता. मी तेव्हा चहाला गेलो होतो. आवाज ऐकून धावत आलो. पुढचं लिहीत नाही.

चूक माणसाकडूनच होते. त्याला नावं ठेवावीत म्हणून आत्याला सांगितलं नाही. देवाने नेलं म्हणण्यापेक्षा घाई नडली म्हटलं की म्हातारीच्या मनाला काहीतरी धरायला मिळतं. त्याला या कारखान्यात मीच चिकटवला होता, हे मी विसरलेलो नाही. माझ्या मनाला काय होतं ते मला ठाऊक.

१२ एप्रिलला चौकशीची शेवटची बैठक आहे, सिलिंडरजवळच. मग प्रकरण मिटेल. तुम्हीही आता मिटवा. शिकलेल्या माणसांना दुःखसुद्धा साधं करता येत नाही बघ.

आत्याची काळजी घे.

दादा


१६ मार्च

दादा,

अहवाल तीनदा वाचला. गुळगुळीत कागद, रंगीत वेष्टन. आतमध्ये माझ्या भावाला ‘मनुष्यघटक’ म्हटलं आहे. तुमच्या साहेबांनी शेवटी एक पान गणित जोडलं आहे. बाकी सगळं मी गिळलं असतं. गणित गिळता येत नाही.

ते लिहितात, पिस्टनखाली पन्नास सेंटिमीटर जागा होती. त्यात अठ्ठेचाळीस सेंटिमीटर तेल आणि ‘किरकोळ’ दोन सेंटिमीटर हवा. पिस्टन तिथून तोंडापर्यंत दीड मीटर सरकला. दाब आठ. मग दाब गुणिले वाढलेली जागा, आणि उत्तर ३७,६८० ज्यूल. एवढ्या कामात नव्वद किलो सहज गर्डरपर्यंत जातं, म्हणून किरकोळ हवाही पुरेशी होती, म्हणून दोष ठोक्याचा.

मी हा धडा दर वर्षी अकरावीला शिकवते. वायू पसरतो तसा त्याचा दाब कमी होत जातो. सुरुवातीला आठ असेल तर दुप्पट जागेत गेल्यावर तो आठ राहत नाही. म्हणून पहिला दाब घेऊन सगळ्या अंतराला गुणता येत नाही. दर पावलाला दाब किती उरला ते बघत, तुकडे जोडत जावं लागतं. वर्गातली निम्मी मुलं पहिल्या दिवशी तुमच्या साहेबांचीच चूक करतात. मी त्या उत्तराला शून्य देते. मुलांना अजून काही येत नसतं म्हणून ती चुकतात. या पानावर मात्र ज्याने लिहिलं त्याला उत्तर आधी हवं होतं.

दोन सेंटिमीटर हवेचं खरं काम येतं चारशे वीस ज्यूल. बाहेरच्या हवेला ढकलण्यात गेलेलं मी वजा केलं आहे. तेवढ्या कामात तुमचं धूड हातभर वर गेलं असतं आणि आतल्या आत परत बसलं असतं. तोंडातून बाहेरसुद्धा आलं नसतं. तेल तर पसरतच नाही म्हटलं तरी चालेल. नुसत्या तेलाने पिस्टन साखरेच्या दाण्याएवढा उडाला असता.

पिस्टनला गर्डरपर्यंत आठ मीटर चढावं लागलं, हे अहवालातच आहे. त्याला कमीत कमी सात हजार ज्यूल लागतात. मी उलटीकडून निघाले. हवा दहा सेंटिमीटर धरली, पुरेना. वीस, पुरेना. तीसला सहा हजार झाले. पस्तीसला सात हजार ओलांडले. म्हणजे पिस्टनखाली पस्तीस सेंटिमीटर हवा होती आणि तेल फक्त पंधरा. त्याहून जास्त तेल असूच शकत नाही.

पस्तीस सेंटिमीटर हवा चुकून राहत नाही, दादा. आणि हातपंपाने तेल मारून तिचा दाब आठवर नेला असता तर ती दाबली जाऊन चार सेंटिमीटरवर आली असती. ती पस्तीस सेंटिमीटरच राहून आठवर गेली, म्हणजे बाहेरून आणखी हवा भरली गेली. अहवाल म्हणतो, हवेची नळी जोडलेलीच नव्हती. पण दाब शेवटपर्यंत आठच राहिला असं जो धरतो, त्याच्या डोक्यात मागून हवा पुरवणारी नळी असते. साहेबांनी वरच्या परिच्छेदात नळी नाकारली आणि खालच्या गणितात जोडून टाकली.

उत्तर जुळलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. गणित सुटल्यावर वाटतं तसं. मग मी कशाचं उत्तर काढलं ते लक्षात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. मोरीत जाऊन हात धुतले. वहीचं ते पान अजून फाडलेलं नाही.

आता दोन गोष्टी विचारते. चहाला गेलेल्या माणसाला काटा आठवर गेलेला कसा दिसला? आणि दुसरी. ठोक्या तेल भरताना सिलिंडर बाहेरून पान्याने ठोकायचा. तेल असेल तिथला आवाज मंद, नसेल तिथला खणखणीत. आवाज बदलेल तिथे तो खडूने रेघ मारायचा आणि शेजारी वेळ लिहायचा. घरी येऊन पाण्याच्या टाकीवरही हेच करायचा, आई ओरडायची. तेव्हा सिलिंडरवर रेघ असणार. माझ्या हिशेबाने ती तळापासून पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, थोडी खालीच. जाऊन बघ.

तुझी बहीण


२१ मार्च

तुला काय हवंय ते एकदा स्पष्ट लिही.

तुझा भाऊ गेला, माझा कोणी नव्हता का? मी त्याला सायकल शिकवली. मी त्याला पहिला पाना हातात दिला. तुझे वडील गेले तेव्हा माझे वडील, म्हणजे तुझे मामा, वर्षभर तुमच्या दारात येऊन बसत होते. त्या घरात बसून तू आता त्याच्या मरणाचे सेंटिमीटर मोजतेस. मेलेल्या माणसावर गणितं करताना तुला किळस येत नाही? तू बाई आहेस की फूटपट्टी?

साहेब वीस वर्षं या धंद्यात आहेत. तू फळ्यावर सिलिंडर काढतेस, आम्ही खरे उचलतो. फळ्यावर सगळंच जुळतं.

काटा मी नंतर बघितला. नंतर. घाईत लिहिताना पुढचंमागचं झालं असेल.

सिलिंडरला मोहर लावून कोपऱ्यात ठेवला आहे. त्यावर कसलीही रेघ नाही. मी स्वतः बघितलं आहे.

हे पत्र आत्याला दाखवू नकोस. तिला उगीच ताप.

दादा


२५ मार्च

दादा,

किळस येते. तू विचारलंस म्हणून सांगते, पिशवी आली त्या दिवसापासून येते आहे. डब्याची येते, छापील पत्राची येते. ‘किरकोळ’ या शब्दाची येते. काल वर्गात हाच धडा आला. फळ्यावर सिलिंडर काढला, आत पिस्टन काढला, आणि एका मुलीने विचारलं, “बाई, पिस्टनवर वजन किती?” माझ्या तोंडून नव्वद गेलं. पुस्तकात पाच होतं. पुढचा तास मी त्यांना वाचन करायला लावलं.

तरी गणित करते, कारण बाकी सगळे जण त्याच्याबद्दल बोलून मोकळे झाले आहेत आणि त्याची बाजू घेणारं हे एकच पान आहे.

परवा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “जाऊ द्या हो, पोर गुणी होतं.” आई म्हणाली, “गुणी होता, पण कामात नीट नव्हता, काय करणार.” मी भांडी घासत होते. माझ्या आईला तिच्या मुलाची लाज वाटते आहे, दादा. ती लाज घेऊनच ती जाणार, जर १२ तारखेला तो अहवाल तसाच मिटला तर. मला हवंय ते एवढंच आहे. स्पष्ट लिहायला सांगितलंस, म्हणून लिहिलं.

रेघ नाही, असं तू लिहिलंस. नव्हती, असं लिहिलं नाहीस.

तुझी बहीण


६ एप्रिल

दहा-बारा दिवस झाले, तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

तू पंधरा लिहिलंस. तेरा होती.

गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी होती, चालक दर पाच मिनिटांनी आत डोकावत होता. ठोक्या पंप मारत बसलेला. सोळा लिटर तेल हाताने भरायचं, त्याचं चार लिटर झालेलं. मी म्हटलं, “अरे, तुझं तेल भरेपर्यंत त्या चालकाच्या नातवाचं लग्न होईल. वरच्या भोकाला हवा लाव आणि काढ बाहेर.” तो म्हणाला, “दादा, हवा मारायची नाही. पाटी तूच लावली आहेस.” मी म्हटलं, “पाटी मी लावली, आता मीच सांगतोय.” चार माणसं ऐकत होती. मला मागे घेता येईना.

अशी हवा आम्ही आधीही मारली आहे. वीसेक वेळा. प्रत्येक वेळी पिस्टन फुसकन सुटायचा आणि आम्ही हसायचो. त्यामुळे ते चूक आहे असं वाटेनासंच झालं होतं. हा मोठा होता, जाम गंजलेला.

त्याने काही वाद घातला नाही. तुला माहीत आहे, तो घालायचा नाही. पान्याने ठोकलं, खडूने रेघ मारली, वेळ लिहिली, दहा चाळीस. मला म्हणाला, “ही रेघ बघून ठेव. इथपर्यंत माझं. वरचं तुझं.” हसत म्हणाला. नळी मी जोडली, माझ्या हाताने. मी चहाला गेलो नव्हतो. कॉम्प्रेसरच्या चावीपाशी होतो, खांबाच्या आड. काटा आठवर गेला तरी पिस्टन हलेना, म्हणून तो वाकून ठोकून बघायला गेला.

बाकीचे यायच्या आत नळी काढून गुंडाळली. रेघ फडक्याने पुसली. त्याच्या शर्टाच्या बाहीला खडू लागला होता, तो बघून मला धडकी भरली. कपडे मीच घरी नेऊन धुतले. इस्त्री तुझ्या वहिनीने केली, तिला वाटलं मी माया करतोय. तू पत्रात त्या वासाचं लिहिलंस तेव्हा मी पुन्हा हात धुतले. माझ्या हातांचा वास जात नाही. मी चमच्याने जेवतो.

साहेबांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “तुम्ही चहाला गेला होतात.” मग मला आठवायला लागलं की मी चहाला गेलो होतो.

हे पत्र म्हणजे माझा कबुलीजबाब समज. बैठकीत नेऊन दाखव, नाहीतर चुलीत घाल. तू ठरवशील ते. माझ्यात आता ठरवायची ताकद नाही. फक्त आत्याला सांगू नकोस.

दादा


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. मी ते दाखवणार नाही, जाळणारही नाही. ते माझ्या घरात नको.

पहिल्यांदा तू हवा त्याच्यावर सोपवलीस. मग दोष त्याच्यावर सोपवलास. आता खरं बोलणं माझ्यावर सोपवतोस आणि आत्याला सांगू नकोस म्हणतोस. म्हणजे तुझ्या वाट्याला फक्त रडणं. तू नळी जोडलीस त्याचा मला राग आहे. पण तू बाही धुतलीस, घडी घातलीस आणि ती घडी माझ्या आईच्या उशाशी पाठवलीस, त्याला राग हा शब्द पुरत नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी तो शर्ट हातात घेतला. आईने विचारलं, “वास घेतेस का गं? मीपण घेते.”

तेरा म्हणालास. माझ्या पंधरातले दोन गर्डरला पोचा पाडण्यात आणि पिस्टन सुटताना घासण्यात गेले असणार. ते मी धरले नव्हते, कारण मोजता येत नव्हते. आता गणित पुरं झालं.

पाकिटात खडूचा एक तुकडा आहे. त्याच्याच डब्यातला. १२ तारखेला सगळे सिलिंडरजवळ उभे असतील. तळापासून तेरा सेंटिमीटर मोज आणि रेघ ओढ. शेजारी वेळ लिही. पुढे काय बोलायचं ते तुला माहीत आहे. मी येणार नाही. मी आले तर तू माझ्याकडे बघून बोलशील.

बहीण


१३ एप्रिल

रेघ ओढली.

साहेब म्हणाले, “मोहरबंद वस्तूला हात लावू नका.” तोवर वेळ लिहून झाली होती. चौकशी अधिकारी बाईंनी विचारलं, “ही कोणी काढली?” मी म्हटलं, “आत्ता मी काढली. आधी त्याने काढली होती. ती मी पुसली.” मग नळीचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. साहेब मध्ये म्हणाले की मी दुःखाने भ्रमिष्ट झालो आहे. बाईंनी गर्डरकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, आणि माझ्याकडून टेप मागून घेतली. अहवाल मिटलेला नाही. माझं काय व्हायचं ते होईल, आज सकाळी कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलं.

त्या चारांपैकी एक वेल्डर बाहेर भेटला. म्हणाला, “आम्हीपण ऐकलं होतं, दादा. विचारलं तर सांगू.” इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं.

आत्याला मीच सांगणार. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. ती काय म्हणेल, मारेल, तोंड बघणार नाही, सगळं चालेल. त्याच्या हातून चूक झाली नव्हती, एवढं तिच्यासमोर बसून सांगायचं आहे.

दार उघडशील ना?

दादा


१५ एप्रिल

दार उघडीन. जेवायला थांबू नकोस.